साठ डेसिबलच्या अलीकडची माणसं

सकाळी ८.३०

जुलैची दमट हवा कानाच्या मशीनला सोसत नाही. नळीत पाण्याचा थेंब धरतो, माइकच्या जाळीवर मळ बसतो आणि काल चांगलं चालणारं यंत्र आज मुकं होतं. म्हणून मिरजेतलं आमचं क्लिनिक उघडलं की आधी सिलिका जेलचे डबे. रात्रभर त्यांत ठेवलेली मशीन्स एकेक काढायची, नळीत फुंकर मारायची, नवा सेल घालायचा आणि स्टेथोक्लिप लावून स्वतः ऐकायचं. ‘आ, ई, ऊ, म, श, स’ म्हणत जायचं. ‘स’ला खरखर आली की समजायचं, रिसीव्हर गेला. सेलचंही एक तंत्र आहे. झिंक-एअर सेल हवेतल्या ऑक्सिजनवर चालतो, त्यामुळे वरचा स्टिकर काढला की मिनिटभर तो उघडा ठेवून मग आत घालायचा. एवढं शांतपणे सांगायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं न मिळालेले पेशंट ‘सेल टिकत नाहीत हो’ म्हणत येतात.

माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर दोन चौकटी आहेत. एक भारतीय पुनर्वास परिषदेची. १९९२च्या कायद्यानुसार ऑडिओलॉजिस्टला तिथं नोंदणी करावी लागते, ती दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी शिक्षणाचे शंभर गुण जमवावे लागतात. दुसरी चौकट अन्न व औषध प्रशासनाची, एमडी-४२ नावाची. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याच्या लेखी औषधांत धरली जातात. ती साठवून विकायची तर ही नोंदणी हवी, अशी दुरुस्ती सप्टेंबर २०२२ मध्ये आली. दोन्ही नियम मला पटतात. मशीन बसवणारा शिकलेला असावा आणि विकलेल्या प्रत्येक डब्याचा माग लागावा, हे योग्यच आहे. पण पहिली चौकट माणूस ओळखते, दुसरी डबा ओळखते. मशीन त्या कानात नीट बसलं का, महिन्याभरानं ते वापरात आहे का, हे विचारणारा आणि त्या कामाची किंमत मोजणारा कागद कुठंच नाही. ऐकू येणं परवडतं की नाही, हे या न लिहिलेल्या कागदावर ठरतं. माझ्या दिवसातला निम्मा वेळ तिथंच जातो.

सकाळी ९.१५

जत तालुक्यातून दोन वर्षांचा मुलगा आला आहे. बेरा तपासणीत दोन्ही कानांना अतितीव्र दोष दिसला. आई गप्प आहे, वडील मोबाइलवर कागदांचे फोटो दाखवत आहेत. या घराला मी धीर देऊ शकते, कारण या मुलासाठी नियम चांगला केलेला आहे. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या ‘एडीआयपी’ योजनेतून लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळतं. मुंबईची अली यावर जंग संस्था तिचं मध्यवर्ती काम पाहते. आणि महत्त्वाचं म्हणजे त्या योजनेत यंत्राबरोबर शस्त्रक्रिया, मॅपिंग आणि नंतरची थेरपीही धरलेली आहे. इम्प्लांट बसवलं म्हणजे मूल ऐकायला लागत नाही, ते शिकवावं लागतं, हे नियम लिहिणाऱ्यांना तिथं ठाऊक होतं. कागदांची यादी लिहून दिली, इम्प्लांट होईपर्यंत मशीन लावायचं सांगितलं, आणि आईला पुढच्या आठवड्यापासून थेरपीला बोलावलं.

सकाळी १०.००

इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार. चोवीस वर्षं शेडमध्ये. आज खाडा केला आहे, म्हणजे आजची मजुरी बुडाली. बायको म्हणते, “हाक मारली तर ओ देतात, पण सांगितलेलं कायच्या कायच करून येतात.” तो म्हणतो, “मॅडम, आवाज येतो. शब्द कळत न्हाई.”

मी त्याला ध्वनिरोधक खोलीत बसवलं. हेडफोन लावला, टोन ऐकू आला की बटण दाबायला सांगितलं. पाचशे हर्ट्झला वीस डेसिबल, हजारला तीस, दोन हजारला पंचेचाळीस, चार हजारला पंचाहत्तर. दोन्ही कान जवळजवळ सारखे. आलेखावरची रेघ डावीकडे सपाट चालते आणि उजवीकडे एकदम खाली कोसळते. मागांच्या सततच्या आवाजानं कानातल्या सूक्ष्म पेशी आधी याच भागात मरतात. स, श, ख, ट, फ ही व्यंजनं नेमकी त्या उतरणीवर असतात. ‘खाट’, ‘फाट’ आणि ‘पाठ’ या माणसाला एकच.

आता सरकारी हिशेब. प्रमाणपत्रासाठी या चारही आकड्यांची सरासरी काढतात. त्याची येते साडेबेचाळीस. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये ‘ऐकण्यात अडचण असलेली व्यक्ती’ म्हणजे दोन्ही कानांत बोलण्याच्या कंपनसंख्यांना ६० ते ७० डेसिबल दोष असलेली; त्यापुढे कर्णबधिर. चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र साधारण तिथून पुढं मिळतं, आणि मोफत मशीनचं दार त्या प्रमाणपत्रानं उघडतं. जागतिक आरोग्य संघटना मात्र चांगल्या कानाचा दोष ३५ डेसिबलच्या वर गेला की त्याला उपचाराची गरज असलेला दोष मानते. पस्तीस आणि साठ यांच्यामध्ये माझे बहुतेक पेशंट आहेत. तपासणी त्यांना रोगी ठरवते, योजना धडधाकट ठरवते. सरासरी हे मापच असं आहे की चांगले ऐकू येणारे जाड आवाज बारीक आवाजांचं नुकसान झाकून टाकतात. आवाजाच्या कामावर आयुष्य घालवलेल्या माणसावर त्याचा सगळ्यात जास्त अन्याय होतो.

मोठ्या आवाजामुळे येणारा बहिरेपणा १९४८च्या कारखाने कायद्यानं कळवण्याच्या आजारांच्या यादीत घातला. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादाही त्याच्या नियमांत होती. पण दहा-बारा मागांची, दोन-चार माणसांची शेड कामगारसंख्येमुळे त्या कायद्याच्या कक्षेत येतच नव्हती. त्यामुळे याचा कान कुणी मोजला नाही आणि त्याचा आजार कुणी कळवला नाही.

त्यानं पिशवीतून एक डबी काढली. ऑनलाइन मागवलेलं, १,४९९ रुपयांचं. वर ‘साउंड अॅम्प्लिफायर’ लिहिलेलं, श्रवणयंत्र असा शब्द कुठंच नाही, म्हणजे नियमांच्या कचाट्यातून ते आधीच सुटलेलं. मी ते कपलरवर लावून मोजलं. ते जाड आवाजच सगळ्यात जास्त वाढवत होतं, म्हणजे जे त्याला आधीच ऐकू येतात तेच. आणि हा ते लावून शेडमध्ये उभा राहत होता.

“काढा ते. शेडमध्ये तर अजिबात नको.”

“स्वस्तात मिळालं होतं मॅडम.”

त्याचं काय चुकलं? पुनर्वास परिषदेच्या कायद्यात नोंदणी नसताना हे काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कुरिअरनं आलेल्या डबीमागे पकडायला माणूसच नसतो. अमेरिकेनं दुकानात मोकळ्या विकल्या जाणाऱ्या मशीनच्या कमाल आवाजाला १११ डेसिबलची मर्यादा घातली. मोठा आवाज आपोआप आवरणारी सोय असेल तर ११७. आपल्याकडे अॅम्प्लिफायर नावानं येणाऱ्या डब्यांना एवढी एक अट तरी लावावी, ही माझी कळकळीची मागणी आहे.

या माणसाला कानाची पोकळी मोकळी ठेवणारं, फक्त बारीक आवाज वाढवणारं मशीन लागतं. सगळ्यात स्वस्त खिशातलं मशीन त्याच्या उपयोगाचं नाही, आणि योग्य मशीनची जोडी तीस-पस्तीस हजारांच्या खाली बसत नाही. अर्ध्या तासाची ट्रायल दिली. बायकोनं मागे उभं राहून हळू आवाजात काहीतरी म्हटलं आणि तो हसला. मग मशीन काढून ठेवलं. “दिवाळीच्या बोनसला बघू,” म्हणाला. शेडसाठी इअरप्लग दिले, ते बोटानं बारीक वळून, कान वर ओढून कसे घालायचे ते तीनदा करून घेतलं.

सकाळी ११.३०

तासगावकडच्या आजी, वय अडुसष्ट. सुनेनं रुमालातून दोन मशीन्स काढून टेबलावर ठेवली. दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात मिळालेली, अजून नव्यासारखी चकचकीत. ट्रंकेत साड्यांच्या घडीत होती.

आजींची सरासरी सदुसष्ट डेसिबल. प्रमाणपत्र आहे, कार्ड आहे, उत्पन्नाचा दाखला आहे. नियमानं त्यांना द्यायचं ते सगळं दिलं. मशीनही वाईट नाही. मी तपासलं, चांगलं डिजिटल आहे. मग ते ट्रंकेत का गेलं?

“शिट्टी मारायचं,” सून म्हणाली. “देवळात भजनाला घालून गेल्या तर सगळी बघायला लागली. मग काढूनच ठेवलं.”

शिट्टीचं कारण सोपं आहे. कानात बसवायचा रबरी टोपा सैल होता. कानात सोडलेला आवाज फटीतून बाहेर येऊन पुन्हा माइकमध्ये शिरत होता. एवढ्या दोषाला तयार टोपा चालत नाही, त्या कानाचा साचा घ्यावा लागतो. शिवाय सेल संपल्यावर ते जवळपास कुठं मिळेनात. योजनेच्या कागदात नंतरच्या देखभालीचा उल्लेख आहे. पण शिबिर एका दिवसाचं असतं. सकाळी रांग, दुपारी वाटप, संध्याकाळी मंडप उतरलेला. देखभालीचा तो उल्लेख आजींच्या गावापर्यंत पोचत नाही.

मी आजींच्या कानात दोरा बांधलेला कापसाचा बोळा आतवर बसवला, सिरिंजनं सिलिकॉनची लगदी भरली, पाच मिनिटांनी साचा काढला. दोन्ही कानांचे झाले. मशीन केबलनं संगणकाला जोडलं. आत सगळ्यांना चालेल अशी सरासरी सेटिंग होती. आजींच्या आलेखाप्रमाणं बदलली, सुरुवातीला आवाज मुद्दाम कमी ठेवला, कारण दोन वर्षं शांततेत राहिलेल्या मेंदूला भांड्यांचा आवाजसुद्धा मारतो. आठ दिवसांनी लॅबमधून साचे आले की पुन्हा बोलावलं. त्यानंतर महिन्यानं एकदा. म्हणजे हे मशीन खरोखर चालू व्हायला माझे तीन-साडेतीन तास आणि त्यांच्या तीन फेऱ्या.

योजनेत तीन वर्षांनी नवं मशीन मिळतं. दोन वर्षांपूर्वी मिळालेलं चालू करून दिल्याची पावती मात्र ती योजना घेत नाही. नवा डबा देता येतो, आहे तो डबा वापरात आणण्याचा एक तास देता येत नाही. प्रत्येक मोफत मशीनबरोबर तीन भेटींचं कूपन दिलं, आणि नोंदणी असलेल्या कुठल्याही जवळच्या ऑडिओलॉजिस्टकडे ते चालू दिलं, तर ट्रंकेतली कितीतरी मशीन्स कानावर येतील. साच्याचे पैसे मी सुनेकडून घेतले, माझे घेतले नाहीत. दर वेळी असं करता येत नाही, क्लिनिकचं भाडं मलाही भरायचं असतं.

दुपारी १२.४५

निवृत्त शिक्षक, मुलगा न्यू जर्सीत. मुलानं येताना सामानातून मशीनची जोडी आणून दिली, तिकडच्या दुकानात विना-चिठ्ठी घेतलेली, आठशे डॉलरची. “एवढं महागाचं आणलंय आणि मला तर काहीच फरक नाही,” सर म्हणाले.

अमेरिकेतली ही वाट लांबली, पण उघडली. २०१७ मध्ये काँग्रेसनं कायदा केला, औषध प्रशासनानं अंतिम नियम ऑगस्ट २०२२ मध्ये काढला आणि १७ ऑक्टोबर २०२२ पासून प्रौढांसाठी, सौम्य ते मध्यम दोषासाठी, तपासणी आणि चिठ्ठी न लागणारी मशीन्स दुकानांत आली. तिथल्या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्यानं, मेडिकेअरनं, १९६५ पासून मशीनचा खर्च कधी उचलला नाही, त्यामुळे तिथंही माणसं वर्षानुवर्षं न ऐकता बसून होती. सप्टेंबर २०२४ मध्ये तर अॅपलच्या एअरपॉड्समधल्या सॉफ्टवेअरलाच श्रवणयंत्र म्हणून मान्यता मिळाली. त्याच सुमारास बंगळुरूच्या काही तरुणांनी आजीसाठी ती सोय भारतात चालू करायचा खटाटोप केला. तेव्हा ती इथं बंद ठेवलेली होती. एअरपॉड्स जोडलेल्या उपकरणाला आपण अमेरिकेत आहोत असं वाटावं म्हणून त्यांनी मायक्रोवेव्हचा उपयोग करून बाहेरचे सिग्नल अडवले. नियम गरजेच्या मागे राहिला की शहाणी मुलं अशा युक्त्या शोधतात. तासगावच्या आजींना असा नातू नसतो.

मी सरांच्या कानात ऑटोस्कोपनं पाहिलं. दोन्ही कान मळानं गच्च. त्या अमेरिकन डब्यावर छापलेल्या सूचनांत कानात मळ असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा असं लिहिलेलं आहे, इंग्रजीत, बारीक अक्षरांत. समोरच्या कान-नाक-घसा डॉक्टरांकडे पाठवलं, संध्याकाळी परत या म्हटलं.

दुपारी २.१५

डबा खाताना कंपनीचा प्रतिनिधी आला. नवी किंमतयादी, बऱ्याच मॉडेलना वाढ.

कायदा काय सांगतो ते सरळ आहे. वैद्यकीय उपकरणाची छापील किंमत बारा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. पण मूळ किंमत किती असावी, याला कानाच्या मशीनसाठी मर्यादा नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयातल्या स्टेंटची कमाल किंमत ठरली, ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्याची, आणि २०२१ मध्ये ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, रक्तदाब यंत्र अशा पाच वस्तूंच्या नफ्याला सत्तर टक्क्यांची मर्यादा. कानाचं मशीन या कशातच नाही. जीएसटी त्याच्यावर शून्य आहे, ही खरी मदत आहे. सेलवर मात्र कर लागतोच, आणि सेल जन्मभर लागतात.

पेशंट विचारतात, तुम्ही लोक किमती का नाही उतरवत? हा प्रश्न मला टाळायचा नाही. आमच्या धंद्यात तपासणी, बसवणं, सेटिंग, वर्षभराच्या भेटी, सगळं मशीनच्या किमतीत मिसळलेलं असतं. छापील किंमत फुगवायची, मग ‘सूट’ द्यायची, आणि मधल्या जागेत माणसाच्या कामाचे पैसे काढायचे. पेशंटला वाटतं आपण यंत्राला चाळीस हजार दिले. उद्या सरकारनं नुसतीच कमाल किंमत ठरवली तर कंपनीआधी हे लपलेलं काम मरेल, आणि लोकांच्या हातात स्वस्त पण न बसवलेलं मशीन येईल. आधी काम वेगळं दाखवायला लावा, मग यंत्राच्या किमतीला हात घाला. मी दोन वेगळी बिलं करते, एक यंत्राचं आणि एक कामाचं. शेजारच्या दुकानात सगळं ‘फ्री’ असतं, म्हणून काही पेशंट तिकडं जातात. तरी मी ही पद्धत सोडणार नाही.

दुपारी ३.१५

जोडपं, सीमेपलीकडच्या कागवाडचं. बाजार, दवाखाना, लग्नाची खरेदी सगळं मिरजेत. दोघांचंही ऐकणं कमी. आजोबांनी ऐकलं होतं की पासष्ट वर्षांवरच्या माणसाला मशीनसाठी तीन हजार खात्यात जमा होतात. होतात, महाराष्ट्राची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ पासून आहे. पण ती महाराष्ट्रातल्या रहिवाशांची. त्यांचं आधार कर्नाटकचं. मी सांगितलं तेव्हा आजोबा म्हणाले, “नदी एकच, डॉक्टर एकच, आणि पैसे तेवढे वेगळे व्हय?”

खरं तर तीन हजारांत चष्मा येतो, काठी येते. चांगलं डिजिटल मशीन येत नाही. तेवढ्यात येतं ते रस्त्यावरचं किंवा ऑनलाइनचं अॅम्प्लिफायर. मदत देणारा नियमच माणसाला चुकीच्या डबीकडं ढकलतो, हे पाहून मला फार वाईट वाटतं. तेच तीन हजार साचा, सेल आणि तीन भेटींसाठी दिले असते तर आधी मिळालेलं किंवा कुणी दिलेलं जुनं मशीनसुद्धा चालू करता आलं असतं.

आजींची शब्द-तपासणी कानडी यादीवर घ्यावी लागली, मदतनीस मुलीला कानडी येतं म्हणून जमलं. त्यांना सध्या मशीनची गरज नाही. आजोबांना आहे. गावाकडच्या योजनेचे कागद कुठं द्यायचे ते लिहून दिलं.

दुपारी ४.३०

ज्यांची मी वाट पाहत असते ते आले. सतारमेकर गल्लीतले तंबोरा करणारे कारागीर, सत्तरीच्या पुढचे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्याचं त्यांना अप्रूप आहे, पण त्यांची खरी काळजी जवारीची. घोडीचा पृष्ठभाग कानसेनं इतका बारीक घासायचा की तार त्यावर टेकत-सुटत बोलावी, आणि मग दोरा सरकवत नेमकी जागा शोधायची. हे काम हाताइतकंच कानाचं. “वरचे स्वर मला आता ऐकू येत नाहीत,” ते पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले होते. “मुलगा म्हणतो बरोबर आहे. त्याच्या शब्दावर घोडी सोडतो. असं कधी केलं नव्हतं.”

सरासरी बावन्न. प्रमाणपत्र नाही, योजना नाही. मशीन स्वतःच्या पैशानं घेतलं, चांगल्या दर्जाचं, आणि पहिल्या दिवशी घरी जाऊन तंबोरा लावला तर मशीन तंबोऱ्यावरच उठलं.

झालं होतं असं. आजची मशीन्स माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेली आहेत. बोलणं चढतं-उतरतं, थांबतं. जे एकसारखं चालू राहतं ते पंख्याचं किंवा गाडीचं, म्हणजे गोंगाट, असं मशीनचं गणित. तंबोऱ्याचा अखंड स्वर त्याच्या लेखी गोंगाटच. म्हणून मशीन तो दाबत होतं. आणि शिट्टी थांबवणारी यंत्रणा लांबलेला स्वच्छ स्वर ऐकून त्याला शिट्टी समजत होती आणि त्यावर उलटा स्वर सोडत होती. त्यांना तो थरथरल्यासारखा ऐकू येत होता. “माझ्या तंबोऱ्यात दुसरंच कुणी तरी गातंय,” असं त्यांनी मला सांगितलं, आणि ते तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर होतं.

मी एक वेगळा प्रोग्राम केला. गोंगाट दाबणं बंद, शिट्टी-नियंत्रण बंद, मोठा-लहान आवाज सारखा करणारं कम्प्रेशन जवळजवळ काढून टाकलं. शिट्टी-नियंत्रण काढल्यावर शिट्टी येणार, म्हणून साचा घट्ट बसेल असा नवा केला. कानाच्या पडद्याजवळ बारीक नळीचा माइक ठेवून प्रत्यक्ष किती आवाज पोचतो ते मोजलं. मग ते तंबोरा घेऊनच यायला लागले. क्लिनिकच्या वेटिंगमध्ये तंबोरा लावलेला, बाकीचे पेशंट गप्प.

आज पुन्हा एकदा. पंचम लावला, मग जोड, मग खर्ज. त्यांनी डोळे मिटले, दोरा थोडा सरकवला, थांबले. पुन्हा सरकवला.

“वरचा गंधार येतोय,” म्हणाले. “थोडा डावीकडून येतोय. उजवा कान अजून झाकलेला वाटतो.”

उजवीकडं चार हजारला तीन डेसिबल वाढवले. पुन्हा वाजवलं. आणखी दोन. मग त्यांनी मान हलवली.

बावन्न डेसिबलचा माणूस ‘मध्यम’. अमेरिकेत तो विना-चिठ्ठी मशीन घेऊ शकेल, इथं प्रमाणपत्रात बसत नाही. दोन्हीकडं यंत्र मिळेल, पण जवारी ऐकू यायला हा तंबोऱ्यासह घालवलेला वेळ लागला. या वेळेला नाव आणि दर असल्याशिवाय स्वस्त मशीनचा उपयोग मोजकाच राहणार.

संध्याकाळी ५.४५

सर परत आले, कान साफ. सरासरी अठ्ठेचाळीस, मध्यम. म्हणजे मुलानं आणलेली जोडी त्यांच्या दोषाला चालण्यासारखी. तिची सेटिंग अॅपमध्ये होते आणि अॅप मुलाच्या फोनवर, मुलाच्या खात्यावर. सरांच्या फोनवर ते उतरेना. टोपे बदलून बसवले तर लगेच फरक पडला. पंख्याखाली बसून वर्तमानपत्र उलटताना कागदाचा आवाज ऐकून सर दचकले.

संध्याकाळी ६.४५

रजिस्टर. प्रत्येक मशीनचा अनुक्रमांक, कंपनी, कुणाला विकलं, कधी. प्रशासनाचा निरीक्षक आला तर हे दाखवायचं. आज एकच विक्री, दोन ओळी, पाच मिनिटांत संपलं. त्याशेजारी मी एक दुसरी वही ठेवते, जी कुणी मागितलेली नाही: कुणाचं मशीन चालू केलं, कितव्या भेटीला, दिवसात किती तास वापर, सेल कुठून घेतात, आणि प्रमाणपत्र का मिळालं नाही. आज तिच्यात आठ ओळी भरल्या. ‘पस्तीस ते साठ’ या रकान्यात तीन. आमच्या व्यावसायिकांच्या संघटनेकडं पाठवायच्या निवेदनासाठी मी या ओळी जमवते आहे. मागणी एवढीच: साठचा आकडा खाली आणा, चार हजार हर्ट्झचा दोष वेगळा मोजा, आणि भेटींचे पैसे योजनेत धरा.

संध्याकाळी ७.३०

न्यू जर्सीत सकाळचे दहा. सरांच्या मुलाला फोन लावला, सर शेजारी. मुलानं खातं वडिलांच्या फोनवर वळवलं, मी इथून आलेख वाचून दाखवला, त्यानं आकडे भरले. जमलं.

“मॅडम, तुमचे किती द्यायचे? मशीन तर आम्ही तुमच्याकडून घेतलं नाही.”

मी सांगितलं: तपासणी, बसवणं आणि पुढच्या दोन भेटी मिळून दोन हजार, महिन्यानं सरांना पाठवा, त्याआधी आवाज वाढवू नका, आणि रोज किती तास घातलं ते अॅपमध्ये बघून मला कळवा. तो म्हणाला, “एवढंच?” सरांनी खिशातून पाकीट काढलं आणि पावती मागितली. पावतीवर मी ‘यंत्र’ या ओळीत रेघ मारली आणि ‘काम’ या ओळीत रक्कम लिहिली.